अपूर्णांकापासून पुन्हा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘करिअर आणि तंत्रज्ञान’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे खूप आहेत, मला गणितावर बोलू द्या. आत्ता गणित म्हटल्याबरोबर मागच्या दोन रांगांनी मोबाईल बाहेर काढले, ते मी पाहिलं. तुमच्या वयाचा असताना मीही तेच केलं असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय छत्तीस. इंजिनिअरिंगची डिग्री आहे, नोकरी आहे. आणि तरी मी तीन वर्षांपूर्वी पाचवीच्या गणिताच्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात केली. का केली, कशी केली आणि तिथून कुठवर आलो, एवढंच आज सांगणार आहे.

आधी कबुली देतो. दहावीला मला गणितात चांगले मार्क होते. बारावीतही बरे होते. इंजिनिअरिंगला एम-वन, एम-टू कसंबसं पास झालो आणि एम-थ्रीला दोनदा केटी लागली. मग एका सीनिअरने मंत्र दिला: मागच्या दहा पेपरांतली गणितं पाठ कर. मी पाठ केली आणि सुटलो. त्यात इंटिग्रेशन होतं, लाप्लास होतं, सगळं होतं. पण ते काय आहे, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. जागेपणीही आलं नसतं.

नोकरीत दहा वर्षं कुणी विचारलं नाही. मग आमच्या टीमकडे मशीन लर्निंगचं काम आलं. तयार लायब्ररी होती, तिला डेटा द्यायचा, ती शिकते. एके दिवशी आमचं मॉडेल शिकण्याऐवजी बिघडायला लागलं, चूक कमी व्हायच्या जागी वाढत चालली. माझ्या हाताखालच्या चोवीस वर्षांच्या मुलीने विचारलं, “सर, लर्निंग रेट जास्त झाला की असं का होतं?” मी म्हणालो, “कमी करून बघ.” तिने केला, काम झालं. ती परत म्हणाली, “हो, पण का?” मी मीटिंग आहे असं सांगून उठलो. मीटिंग नव्हती.

त्याच महिन्यात ईदला आपा घरी आली होती. आपा म्हणजे माझी मोठी बहीण. तिची मुलगी तेव्हा सहावीत होती. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “मामू, अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून का गुणायचं?” मी म्हणालो, “तसा नियम आहे.” ती म्हणाली, “तो बाईंनी सांगितला. का आहे?”

एका महिन्यात दोन मुलींनी मला ‘का’ विचारलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी बालभारतीच्या साइटवरून पाचवी ते आठवीची पुस्तकं उतरवून घेतली. ती मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांतली फुकट मिळतात, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी लिहून घ्या.

आता तो अपूर्णांकाचा प्रश्न इथेच सोडवू. अर्ध्या भाकरीत पाव भाकरीचे तुकडे किती? दोन. म्हणजे १/२ भागिले १/४ बरोबर २. भागणं म्हणजे ‘यात ते किती वेळा बसतं’ हे विचारणं. आता भागायचं आहे २/३ ने. आधी एका अख्ख्या भाकरीचं बघू. दोन तृतीयांशाचा तुकडा एकदा बसतो आणि एक तृतीयांश उरतो, तो त्या तुकड्याचा अर्धा. म्हणजे दीड वेळा, ३/२ वेळा बसला. हाच तो उलटा केलेला अपूर्णांक! मग एका भाकरीत ३/२ वेळा, तर पाऊण भाकरीत त्याच्या पाऊणपट: ३/४ गुणिले ३/२, म्हणजे ९/८. संपलं. तेहतीस वर्षांचा होईपर्यंत मला हे माहीत नव्हतं आणि माझ्याकडे डिग्री होती.

दोस्तांनो, आपल्यातल्या बहुतेकांचं गणित दहावीत किंवा बारावीत अडलेलं नसतं, ते अपूर्णांकात अडलेलं असतं. पाचवी-सहावीत एक पायरी निसटते, तिच्यावर पुढच्या पायऱ्या पाठांतराने चढवतात आणि मग एक दिवस सगळं खाली येतं. तेव्हा आपण म्हणतो, “मला गणितात डोकंच नाही.” डोकं असतं. पायरी नसते.

अपूर्णांक शिकताना मला आमच्या घरातली एक गोष्ट समजली. अल-ख्वारिझ्मीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नवव्या शतकातला बगदादचा गणिती. त्याच्या पुस्तकाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून जगाने अल्जिब्रा शब्द घेतला आणि त्याच्या नावावरून अल्गोरिदम. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे दर आठवड्याला फिरतं. पण त्या पुस्तकाचा मोठा भाग कशावर आहे, हे फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत. तो आहे वारसाहक्काच्या वाटणीवर. माणूस गेला, मागे अमुक वारस आहेत, कुणाला किती? त्यासाठी त्याला समीकरणं लागत होती.

मी आमच्या दादांच्या घराचं गणित मांडून बघितलं. दादा गेले तेव्हा मागे दादी, दोन मुलगे आणि तीन मुली. राहती जागा आठशे चौरस फूट. प्रचलित नियमाने दादीचा आठवा हिस्सा, म्हणजे शंभर फूट. उरले ७/८. मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, म्हणजे दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन, एकूण सात वाटे. ७/८ चे सात भाग केले की प्रत्येक वाटा १/८. प्रत्येक मुलाला दोनशे फूट, प्रत्येक मुलीला शंभर फूट. सहावीचं गणित आहे, बाकीही उरत नाही.

प्रत्यक्षात काय झालं? माझ्या तिन्ही फुफींनी हक्कसोडपत्रावर सही केली आणि साडी घेऊन सासरी गेल्या. मुलीला भावाइतकाच हिस्सा हवा, ही चर्चा आपण या व्यासपीठावर नेहमी करतो, ती करत राहू. पण माझ्या फुफींना तर त्यांचे शंभर फूटही मिळाले नाहीत. आणि शंभर हा आकडा आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. मी तो अब्बांना वहीत दाखवला. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. म्हणाले, “एवढं सोपं होतं?” त्यावर आमच्या घरात पुढे काय बोलणं झालं, ते घरातलं आहे. पण बोलणं झालं.

अंकगणित झालं की बीजगणित. मी त्याला घाबरून होतो, कारण माझ्यासाठी ते ‘क्षची किंमत काढा’ एवढंच होतं. ‘जब्र’ शब्दाचा अर्थ मोडलेलं पुन्हा जोडणं. हाड बसवणाऱ्यालाही त्याच मूळचा शब्द आहे. समीकरणात एका बाजूला काहीतरी वजा होऊन मोडलेलं असतं, दोन्ही बाजूंना तेवढंच मिळवून ते सांधायचं. आपण शाळेत म्हणतो ‘पलीकडे नेताना चिन्ह बदलतं’. ते चिन्ह आपोआप बदलत नाही हो! तराजूच्या दोन्ही पारड्यांत तुम्ही सारखं वजन टाकता, म्हणून बदलल्यासारखं दिसतं.

बीजगणिताचा उपयोग विचारता? आपाने घरकामासाठी कर्ज घेतलं होतं, बारा हजार. एजंट म्हणाला, “वर्षाला बारा टक्के, फ्लॅट.” व्याज झालं चौदाशे चाळीस, हप्ता महिना अकराशे वीस. बरोबर वाटतं ना? पण आपा दर महिन्याला मुद्दल परत करत होती. पहिल्या महिन्यात तिच्याकडे बारा हजार होते, शेवटच्या महिन्यात फक्त एक हजार. सरासरी काढली तर वर्षभर तिच्या हातात होते साडेसहा हजार. साडेसहा हजारांवर चौदाशे चाळीस व्याज, म्हणजे साधारण बावीस टक्के. एजंट खोटं बोलला नाही. त्याने फक्त ‘फ्लॅट’ हा शब्द वापरला आणि आपल्या मोहल्ल्यात त्या शब्दाचा अर्थ विचारणारं कुणी नव्हतं.

भूमितीकडे आलो तेव्हा अब्बा माझे शिक्षक झाले. अब्बा गवंडी. शाळा चौथीपर्यंत. पाया आखताना ते कोपऱ्यातून एका दोरीवर तीन फुटांवर खूण करायचे, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट आलं की कोपरा गुण्यात आहे. पायथागोरसचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी पायथागोरस पाठ करून पेपरात सिद्ध केला होता, पण अब्बा जे करतात ते हेच, हे मला कधी सुचलं नाही. घरातलं ज्ञान आणि शाळेतलं ज्ञान यांची ओळखच करून दिली नव्हती कुणी.

आणि अब्बांच्याच एका शब्दाने माझं कॅल्क्युलसचं कुलूप उघडलं. तो शब्द म्हणजे ‘ढाळ’. मोरीची फरशी बसवताना ते मजुराला सांगायचे, “चार फुटाला एक इंच ढाळ दे.” किती अंतर पुढे गेल्यावर किती उतरलं, याचं गुणोत्तर म्हणजे ढाळ. डेरिव्हेटिव्ह म्हणजे दुसरं काही नाही, ढाळच. फक्त वाकड्या रेषेचा.

सरळ फरशीचा ढाळ सगळीकडे सारखा असतो. वाकड्या रेषेचा जागोजागी बदलतो. मग एका बिंदूवरचा ढाळ कसा काढणार? विहिरीत दगड सोडला, तर साधारण हिशेबाने तो सेकंदांच्या वर्गाच्या पाचपट मीटर खाली जातो. दोन सेकंदांत वीस मीटर. बरोबर दुसऱ्या सेकंदाला त्याचा वेग किती? थोडं पुढचं बघू. २.१ सेकंदांत २२.०५ मीटर. म्हणजे ०.१ सेकंदात २.०५ मीटर, वेग २०.५. अजून जवळ जाऊ. २.०१ सेकंदांत २०.२००५ मीटर, वेग २०.०५. अजून जवळ गेलं की २०.००५. आकडा कुठे चालला आहे, ते तुम्हाला दिसतंय. वीस. त्याला म्हणतात लिमिट. शून्याला शून्याने भागायचं नाही, जवळ जात राहायचं आणि आकडा कुठे स्थिरावतो ते बघायचं. एम-वनमध्ये मी शंभर लिमिट सोडवली होती. हे पहिलं, जे मला दिसलं.

इंटिग्रेशनही अब्बांकडे होतं. नाल्याच्या कडेची जागा एका बाजूने वाकडी असायची. अब्बा सरळ बाजूला दोरी ताणायचे, दर दोन फुटांवर रुंदी मोजायचे, प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ काढून बेरीज करायचे. जागामालक कटकट्या असला तर एकेका फुटावर मोजायचे. पट्टी जितकी बारीक, तितका हिशेब बरोबर. इंटिग्रेशनचं ते लांबडं चिन्ह म्हणजे इंग्रजीतलं ‘एस’ अक्षर ताणलेलं, ‘सम’चं. बेरीज. त्या चिन्हाला मी किती घाबरलो होतो!

न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात जे मोठं काम केलं, त्याचा गाभा हा, की ढाळ काढणं आणि बारीक पट्ट्यांची बेरीज करणं ही एकमेकांच्या उलट कामं आहेत. टाकीत दर क्षणाला किती पाणी पडतंय हे माहीत असेल तर बेरजेने एकूण पाणी कळतं. एकूण पाणी क्षणाक्षणाला माहीत असेल तर ढाळाने नळाची धार कळते.

पण हे दोघे रिकाम्या जागेवर उभे नव्हते. ग्रीक गणिती आर्किमिडीज, बसरा-कैरोकडचा इब्न अल-हैथम, केरळचा माधव यांनी बारीक तुकड्यांच्या बेरजा त्यांच्या कितीतरी आधी केल्या होत्या. अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकांवर पुस्तक लिहिलं. भास्कराचार्यांची लीलावती १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैझीने फारसीत आणली. त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा आहे. गणित कुणा एका कौमचं नाही. ते हाताहातांतून इथवर आलंय. त्याचा अभिमान जरूर बाळगा, पण अभिमानाने समीकरण सुटत नाही. ते वहीवरच सोडवावं लागतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो, जिच्यापुढून मी पळालो होतो. मोरीत पाणी टाकलं की ते जाळीकडे जातं. फरशीला लांबीकडून एक ढाळ असतो, रुंदीकडून दुसरा. पाणी दोन्ही मिळून जिकडे सर्वांत जास्त उतार, तिकडे वळतं. अनेक दिशांचे ढाळ एकत्र मांडले की त्याला ग्रेडिएंट म्हणतात. मशीन शिकतं म्हणजे हेच करतं. चूक हा खड्डा, ढाळ बघायचा, उताराकडे एक पाऊल टाकायचं, पुन्हा ढाळ बघायचा.

पाऊल किती मोठं, तो लर्निंग रेट. एक साधा खड्डा घ्या, क्षचा वर्ग. त्याचा ढाळ दोन क्ष. आपण १० वर उभे आहोत, ढाळ २०. रेट ०.१ ठेवला तर २ ने मागे येतो: ८. मग ६.४, मग ५.१२. हळूहळू तळाला, शून्याकडे. आता रेट १.१ करा. १० मधून २२ गेले: उणे १२. तळ ओलांडून पलीकडे, आणि आधीपेक्षा लांब. पुढचं पाऊल: १४.४. मग उणे १७.२८. खड्ड्यात उतरायचं सोडून आपण उड्या मारत बाहेर पडतोय. हेच ते ‘का’. चार ओळींत उत्तर होतं. मी तिला ते दीड वर्षाने दिलं. ती म्हणाली, “सर, मला कळलं होतं तेव्हाच. पण थँक्यू.”

आता कसं करायचं ते सांगतो. मी रोज फजरनंतर किंवा जेवणानंतर पाऊण तास बसत होतो. सुट्टी पडायची, पण दोन दिवस सलग नाही. पाचवी ते आठवीला चार महिने लागले. नववी-दहावीला सहा महिने. अकरावी-बारावीला नऊ महिने. त्यानंतर इंजिनिअरिंगचं कॅल्क्युलस, अजून चालूच आहे. खान अकॅडमी फुकट आहे, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत. मराठीत गोडी लावायला मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ आहे. पण व्हिडिओ बघून गणित येत नाही. व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर स्वतः करा. अडलात तर तेच तुमचं शिकायचं ठिकाण. मी चुकलेल्या गणितांची वेगळी वही ठेवली. आज ती माझी सर्वांत जाड वही आहे.

आणि लाज वाटली तर वाटू द्या. मरियम मिर्झाखानी, २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री, इराणची. शाळेत एका वर्षी तिचं गणित बरं चाललं नव्हतं आणि तिचा विश्वास गेला होता. पुढच्या वर्षी प्रोत्साहन देणाऱ्या बाई मिळाल्या. आपल्यापैकी किती जणींचं ते ‘पुढचं वर्ष’ आलंच नाही?

माझ्या आपाचं आलं नव्हतं. ती नववीत गणितात नापास झाली. घरात कुणी ओरडलं नाही. अम्मी म्हणाली, “चलो, हो गया.” मी नापास झालो असतो तर शिकवणी लावली असती, हे मला आज कळतं. मला एम-थ्रीला दोनदा केटी लागली, कुणी शिक्षण थांबवलं नाही. तिला एकदा लागली आणि अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं. तिच्या आणि माझ्या डोक्यात फरक नव्हता. तिला दुसरी संधी नव्हती, मला चार मिळाल्या.

मुलीला सांगताना मी फोनवर जे समजावायचो, ते आपा स्वयंपाकघरातून ऐकायची. त्या फ्लॅट व्याजाचा हिशेब तिने पुढच्या वेळी एजंटला स्वतः मांडून दाखवला. आणि यंदा तिने सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. वय एकोणचाळीस. येत्या मार्चमध्ये मायलेकी दोघी गणिताचा अभ्यास करताहेत, आई दहावीचा आणि मुलगी नववीचा. बीजगणिताची तिला भीती नाही. भूमितीची आहे. त्यासाठी अब्बा दर रविवारी दोरी आणि खडू घेऊन तिच्याकडे जातात.

ती पास होईल की नाही, मला माहीत नाही. निकाल लागला की कळवीन. पण तुमच्यापैकी ज्यांचं गणित कुठेतरी सुटलंय, त्यांना एक विनंती. आज घरी गेल्यावर पाचवीचं पुस्तक उघडा. जिथे अडाल तिथे खूण करा. आणि घरात एखादी आपा असेल, तर तिलाही शेजारी बसवा.